गाय गाभडली तर चौकशी, बाईचा गर्भ गेला तर?

विदर्भातल्या एखाद्या गावात गाभण गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली, की मालक पशुधन पर्यवेक्षकाला फोन लावतो. तो येतो आणि ठरलेले प्रश्न विचारतो. ही याआधी कधी गाभडली होती का? कळपातल्या आणखी कुणाचं असं झालं का? वळू कुणाचा लावला होता? कालवड असताना लस टोचली होती का? सांसर्गिक गर्भपाताची शंका आली तर रक्ताचा नमुना कुठे पाठवायचा, हे त्याला ठाऊक असतं. दर वेळी नमुना जातोच असं नाही. पण हे प्रश्न विचारायचे असतात, एवढं त्याला शिकवलेलं असतं.

त्याच घरातल्या सुनेचा सहाव्या महिन्यात गर्भ गेला, तर तालुक्याच्या दवाखान्यात पिशवी साफ होते, रजिस्टरात एक ओळ भरली जाते आणि दोन दिवसांनी बाई घरी येते. प्रश्न त्यानंतर सुरू होतात, आणि ते विचारणारे वेगळेच असतात. पपई खाल्ली होती काय? हंडा उचलला काय? अमावास्येला शेतात काहून गेली होती? सासू विचारते, नणंद विचारते, हापशीवरच्या बायका विचारतात. गोठ्यात काय झालं होतं, दूध उकळून प्यायली होती का, महिनाभरापूर्वी ताप आला होता का, हे कुणीच विचारत नाही. दवाखान्यातही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. गर्भ जाण्यामागे अन्नातून, दुधातून किंवा गोठ्यातून आलेला जिवाणू असू शकतो, ही शक्यता आपल्या ग्रामीण आरोग्यव्यवस्थेने तपासली पाहिजे. ती तपासायची जबाबदारी यंत्रणेची आहे, बाईच्या जिभेची नाही. आज यंत्रणा गप्प आहे आणि बाईच्या ताटातले पदार्थ कमी होत आहेत.

आधी प्रमाणाबद्दल बोलू, कारण भीती पसरवायची मला इच्छा नाही. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात, त्यांतल्या साधारण निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तिथे कुणाचाही इलाज चालत नाही आणि कुणाचा दोषही नसतो. पुढच्या महिन्यांतल्या मृत्यूंमागे आईचा वाढलेला रक्तदाब, मधुमेह, रक्तक्षय, वारेचे (प्लासेंटाचे) दोष, प्रसूतीच्या वेळी झालेला उशीर अशी मोठी कारणं आहेत. जिवाणू हा या सगळ्यातला एक भाग आहे. पण हा भाग टाळता येतो आणि वेळेत कळला तर साध्या औषधाने आवरता येतो, म्हणून तो दुर्लक्षित राहणं मला जास्त सलतं.

यातला सगळ्यात लबाड जिवाणू म्हणजे लिस्टेरिया मोनोसायटोजीन्स. तो मातीत असतो, शेणात असतो, सडक्या चाऱ्यात असतो. मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा, नीट दाबला गेला नाही, हवा राहिली, पुरेसा आंबला नाही, की त्यात तो वाढतो. असा मुरघास खाल्लेली शेळी किंवा मेंढी मान वाकडी करून एकाच दिशेने गोल गोल फिरू लागते. विदर्भात गेल्या काही वर्षांत दुधाच्या धंद्यासाठी मुरघासाचा प्रसार चांगला झाला आहे आणि तो व्हायलाच हवा. उन्हाळ्यात 45 अंशांपुढे पारा जातो तेव्हा हिरवा चारा आणायचा कुठून? पण मुरघास करायला शिकवताना तो बिघडला तर काय होतं, हे त्याच दमात सांगायला हवं.

या जिवाणूची खोड अशी की तो फ्रिजमध्ये मरत नाही, हळूहळू वाढत राहतो. बहुतेक जिवाणू थंडीत थबकतात, हा चार अंशांवरही आपलं काम चालू ठेवतो. उष्णतेपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. दुधाला खळखळून उकळी आली की तो संपतो, पाश्चरीकरणातही संपतो. धडधाकट माणसाच्या पोटात गेला तर बहुधा हगवण किंवा किरकोळ तापावर निभावतं. गरोदरपणात शरीराची प्रतिकारशक्ती गर्भ सांभाळण्यासाठी बदललेली असते, त्यामुळे गरोदर स्त्रीला हा आजार होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे 10 पट असते. तो आतड्यातून रक्तात आणि रक्तातून वारेत शिरतो. आईला दोन दिवस ताप, अंगदुखी, कंबरदुखी, बस्स. कापूस वेचणीच्या दिवसांत एवढ्याला कोण आजार म्हणतं? ती अंगावर काढते. आणि आत बाळ गुदमरत असतं. अमेरिकेतल्या नोंदींनुसार आजार झालेल्या गरोदर स्त्रियांपैकी सुमारे 20 टक्के स्त्रियांचा गर्भ दगावतो. फ्रान्समध्ये 2017 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात 107 गरोदर रुग्ण होत्या. त्यांच्यापैकी 24 टक्के जणींचा गर्भ गेला आणि बाळाला कसलाही गंभीर त्रास न होता सुटलेल्या फार थोड्या.

आता हा आजार आपल्या डोळ्यांना का दिसत नाही ते पाहा. गावजेवणात विषबाधा झाली की त्याच रात्री पन्नास माणसं ओकतात, रुग्णवाहिका येते, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. 2022 च्या जुलैत मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत विहिरीच्या दूषित पाण्याने माणसं दगावली, तेव्हा यंत्रणा मुंबईपर्यंत हलली. लिस्टेरियाचं तसं होत नाही. गरोदर बाईच्या बाबतीत जिवाणू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात, कधी 70 दिवसही लागतात. दोन महिन्यांपूर्वीच्या लग्नात खाल्लेलं पनीर कुणाला आठवणार? एका गावात एक बाई, दुसऱ्या तालुक्यात दुसरी, मध्ये महिनाभराचं अंतर. गर्दी जमतच नाही. जी गोष्ट गर्दी जमवत नाही तिची दखल न घेण्याची आपल्या व्यवस्थेला सवय आहे.

त्यात औषधाची गोची आहे. ताप आलेल्या बाईला खेड्यात अनेकदा सेफिक्झिमच्या गोळ्या किंवा सेफट्रायॅक्सोनचं इंजेक्शन मिळतं. ही औषधं चांगली आहेत, लघवीच्या जंतुसंसर्गाला, टायफॉइडला लागू पडतात. लिस्टेरियावर ती मुळीच चालत नाहीत, कारण या गटातल्या औषधांना तो जन्मतःच दाद देत नाही. त्याला लागतं अँपिसिलिन, जे जुनं आहे, स्वस्त आहे, गरोदरपणात सुरक्षित आहे आणि देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. म्हणजे औषध हाताशी असताना ते दिलं जात नाही, कारण आजाराचं नावच डोक्यात येत नाही. मी डॉक्टरांना दोष देत नाही. ज्या आजाराचा एकही रिपोर्ट त्यांच्या टेबलावर कधी आलेला नाही, तो त्यांनी कशावरून ओळखावा?

गर्भ गेल्यानंतर खाजगी दवाखान्यात बहुतेक ठिकाणी टॉर्च नावाची तपासणी लिहून देतात. कुटुंब सोयाबीनच्या पैशातून किंवा उसनवारीने ती करून आणतं. तिच्यात सहसा टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पिस यांच्या प्रतिपिंडांची तपासणी असते. लिस्टेरिया नसतो, जनावरं गाभडवणारा ब्रुसेला हा जिवाणूही नसतो. रिपोर्ट हाती आला की घरच्यांना वाटतं सगळं तपासून झालं. लिस्टेरिया पकडायचा तर तापाच्या वेळी, अँटिबायोटिक देण्याआधी, रक्ताचं कल्चर (जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी) लावावं लागतं, किंवा गर्भ गेल्यावर वारेचा नमुना पाठवावा लागतो. वार तर आपण पुरून टाकतो.

जगाला हे कसं कळलं, याकडे बघण्यासारखं आहे. 1981 साली कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया भागात 41 जणांना लिस्टेरियाचा आजार झाला, त्यांतले 34 रुग्ण गरोदरपणाशी किंवा नवजात बाळांशी संबंधित होते. शोध घेत गेल्यावर धागा पोचला कोबीच्या कोशिंबिरीपर्यंत. तो कोबी अशा शेतातला होता जिथे आजारी मेंढ्यांचं लेंडीखत टाकलं जायचं, आणि काढल्यावर तो हिवाळाभर थंड कोठारात साठवलेला होता. हा जिवाणू अन्नातून पसरतो हे पक्कं ठरलं ते तिथे. चार वर्षांनी, 1985 मध्ये, लॉस एंजेलिस परगण्यात एका मऊ चीजमुळे 142 जण आजारी पडले. 93 रुग्ण गरोदर स्त्रिया किंवा त्यांची बाळं होती, 20 गर्भ आणि 10 नवजात बाळं दगावली. तिथे त्या बायका मुख्यतः लॅटिन अमेरिकी मुळाच्या कुटुंबांतल्या होत्या. त्यांच्याही घरात काय काय बोललं गेलं असेल, कोण जाणे. पण सरकारी दफ्तरात आकडे एकाखाली एक मांडले गेले, म्हणून कारखाना सापडला आणि चीज दुकानांतून परत घेतलं गेलं.

आपल्याकडे जिवाणू आहे याचा पुरावा मात्र जवळच आहे. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी मध्य भारतातल्या गाई-म्हशींच्या कच्च्या दुधात लिस्टेरिया शोधून काढलेला आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांत दुधाच्या पदार्थांत 25 ग्रॅम नमुन्यामागे हा जिवाणू मुळीच नसावा, असं लिहिलेलं आहे. म्हणजे पशुवैद्यकाला माहीत आहे, अन्न प्रशासनाच्या कागदाला माहीत आहे, आणि गर्भ गेलेल्या बाईचा केसपेपर लिहिणाऱ्याला माहीत नाही. तीन खाती एकाच गावात येतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

ब्रुसेलाच्या बाबतीत तर हे आणखी ढळढळीत दिसतं. जनावरांचा गर्भपात करणारा हा जिवाणू निरशा दुधातून माणसात येतो, आणि गाभडलेल्या जनावराची वार, पाणी, मेलेलं वासरू हाताळताना हातावरच्या चिरांमधूनही शिरतो. गोठा साफ कोण करतं? शेळी अडली तर मध्यरात्री तिच्याजवळ कोण बसतं? घाण उचलून उकिरड्यावर कोण नेतं? घरातली बाई, आणि ती गरोदर असली तरी तीच. सौदी अरेबियात 92 गरोदर रुग्णांचा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या 43 टक्के स्त्रियांचा गर्भ पहिल्या सहा महिन्यांत गेला होता, आणि लवकर औषध मिळालेल्या स्त्रियांना ते औषध तारणारं ठरलं होतं. हा आजार चढउताराच्या तापाने, रात्रीच्या घामाने, सांधेदुखीने महिनोन्महिने रेंगाळतो. आपल्याकडे अशा तापाला टायफॉइड म्हणून सलाइन लावून घरी पाठवण्याची पद्धत आहे.

सरकारने सप्टेंबर 2019 मध्ये राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या सगळ्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस एकदा टोचायची आहे. चांगलं पाऊल आहे, मनापासून म्हणतो. पण ही लस त्या कार्यक्रमात शेळ्यांसाठी नाही, आणि माणसाला सगळ्यात जास्त त्रास देणारा ब्रुसेलाचा प्रकार शेळ्या-मेंढ्यांचाच आहे. विदर्भात शेळी कुणाकडे असते? ज्याच्याकडे जमीन नाही किंवा कोरडवाहू दोन एकर आहे त्याच्याकडे, आणि बहुतेक वेळा ती घरातल्या बाईची स्वतःची पुंजी असते. गोठ्यातल्या म्हशीला जे संरक्षण आहे ते अंगणातल्या शेळीला नाही, आणि शेळीजवळच्या बाईला तर कुणी धरलेलंच नाही.

माल्टा बेटावर शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न सुटला होता. तिथल्या ब्रिटिश सैनिकांना वर्षानुवर्षं ताप यायचा. डेव्हिड ब्रुसने 1887 मध्ये जिवाणू ओळखला, पण तो येतो कुठून हे कळायला 1905 उजाडलं. थेमिस्टोक्लिस झामित या माल्टीज डॉक्टरने दिसायला ठणठणीत असलेल्या शेळ्यांच्या रक्तात त्याचा माग काढला. पुढच्या वर्षी सैनिकांच्या जेवणातून शेळीचं कच्चं दूध बंद केलं आणि छावणीतला ताप झपाट्याने उतरला. शेळ्या ठणठणीत दिसत होत्या, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्या अंगणातलीही तशीच दिसते.

आता चुलीकडे येतो. आपल्या घरांत दूध तापवल्याशिवाय पीत नाहीत, भाकरी तव्यावरून ताटात येते, वरण उकळतं. या सवयींनी आजवर किती बाळं वाचवली असतील याचा हिशोब नाही, आणि त्या सवयी बायकांनीच जपल्या. धोका आहे तो काही ठरावीक ठिकाणी. गरोदर सुनेला ताकद यावी म्हणून कासेखालचं धारोष्ण दूध पाजतात. प्रेमापोटीच पाजतात, पण तेवढं थांबायला हवं. लग्नातला बर्फ घातलेला मठ्ठा कुठल्या दह्याचा आणि बर्फ कुठला, हे कुणाला ठाऊक नसतं. उघड्यावरचं पनीर आणि खवा तापवून बनतात खरे, पण नंतर किती हातांतून आणि किती दिवस फ्रिजमधून फिरतात? ताजं शेणखत घातलेल्या वाफ्यातली कोथिंबीर, मुळा, काकडी न धुता खाणं, तेही थांबायला हवं. फ्रिजमधलं उरलेलं जेवण खायचं तर वाफा येईपर्यंत गरम करून. यापलीकडे बाईच्या खाण्यावर एकही नवं बंधन मला नको आहे.

हे मी जोर देऊन सांगतो, कारण असल्या माहितीचं आपल्या घरांत पुढे काय होतं ते उघड आहे. डॉक्टरने दूध उकळून प्या म्हटलं की घरी आल्यावर दूध नकोच, असं होतं. आधीच पपई नको, अंडी नकोत, तीळ नकोत, वांगं नको. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास 46 टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अशा बाईच्या ताटातून आणखी एक वाटी काढून घेणं म्हणजे एका धोक्यापासून वाचवताना दुसऱ्यात ढकलणं. मेळघाट आणि गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत अमृत आहार योजनेतून गरोदर बाईला अंगणवाडीत एक वेळचं गरम, ताजं, पूर्ण जेवण मिळतं. पोषण आणि जिवाणूंपासून बचाव, दोन्ही त्या एका ताटात आहेत. ही योजना आदिवासी भागापुरती का असावी? यवतमाळच्या, वाशिमच्या कोरडवाहू गावांतली शेतमजूर बाई काय वेगळी आहे?

कुणी म्हणेल, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर मिळायची मारामार, तिथे कल्चरच्या गोष्टी कशाला? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण विदर्भानेच त्याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. 1989 मध्ये डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. तपासलेल्या स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. आजार पिढ्यान्‌पिढ्या होता. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून कागदावर नव्हता. दहा वर्षांनी त्याच गडचिरोलीतून नवजात बाळाच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग पुढे आला. गावातल्या शिकवलेल्या बाईने बाळाचा जंतुसंसर्ग ओळखला, इंजेक्शन दिलं, आणि 39 गावांत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. तेव्हाही हे खेड्यात जमणार नाही असं म्हणणारे होतेच. आज देशभरातल्या आशा त्याच वाटेने घरोघरी जातात.

म्हणून गरोदर बाईला ताप आला, तर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी रक्त कल्चरच्या बाटलीत गेलं पाहिजे, निदान ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर तरी. बाटली पोचवायला जागा आहे. नागपूर, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदियाची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, सेवाग्रामचं महाविद्यालय तर खेड्यांसाठीच उभं राहिलं. तिथे सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत. नमुना येत नाही एवढंच. गाडी रोज फिरते, क्षयाचे बेडके वाहून नेते. एक बाटली जास्त झाल्याने ती थांबणार नाही. आणि निकाल येईपर्यंत डॉक्टरने लिस्टेरिया मनात धरून औषध निवडावं, हे एका पानाच्या सूचनेने होऊ शकतं. फ्रान्समध्ये आणि अमेरिकेत या आजाराचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं बंधनकारक आहे. आपल्याकडे निदान विदर्भाच्या 11 जिल्ह्यांत तेवढं सुरू करून पाहायला काय हरकत आहे?

पशुधन विकास अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी यांनी महिन्यातून एकदा आपापल्या याद्या समोरासमोर ठेवाव्यात: कुठल्या गावात जनावरं गाभडली, कुठल्या गावात बायकांचे गर्भ गेले. दोन्ही याद्यांत एकच गाव दिसलं तर दोघांनी मिळून तिथे जावं. याला नवी इमारत लागत नाही. यात शेतकऱ्याच्या दुधावर डाग येईल अशी धास्ती काहींना वाटेल. दूध उकळलं की सुरक्षित आहे, हे सांगत सांगतच हे करायचं आहे. आणि कळपातला रोग कळला तर पहिला फायदा मालकाचाच आहे, कारण गाभडलेली म्हैस नीट दूध देत नाही.

उरतो प्रश्न आशाचा, आणि तो मी शेवटी घेतला कारण सगळ्यात जास्त ओझं तिच्यावर येईल. बाळ जन्मलं तर 42 दिवसांत तिच्या सहा-सात गृहभेटी ठरलेल्या आहेत आणि त्यांचे 250 रुपये तिला मिळतात. बाळच नसेल तर त्या भेटी सुरूच होत नाहीत. ज्या घरात पाळणा हलायचा होता तिथे कुणी फिरकत नाही, नेमकी त्याच घरात ताप कधी आला, गोठ्यात काय झालं, दूध कसं प्यायलं, हे विचारायची वेळ असते. त्या घरी तिने निदान दोनदा जावं, बाईची विचारपूस करावी, पपईची नव्हे तर तापाची आणि गोठ्याची चौकशी करावी, सासूसमोर ‘हिचा काही दोष नाही’ हे मोठ्याने सांगावं. आणि या भेटींचे पैसे तिला जिवंत बाळाच्या भेटींइतकेच मिळावेत.